सतराव्या वर्षी दिलेला निकाल

डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचं उपनगर आहे. तिथल्या हायस्कूलचं (अमेरिकन) फुटबॉलचं स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं आहे आणि ते बांधायला सुमारे ६ कोटी डॉलर लागले. २०१२ साली ते सुरू झालं, दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं, दुरुस्ती झाली आणि २०१५ पासून शुक्रवारी रात्री पुन्हा भरू लागलं. हे शाळेचं मैदान आहे, हे पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्याला दोनदा सांगावं लागतं. शाळेच्या खेळावर गाव एवढा पैसा लावतं, तेव्हा त्या मैदानावरच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा अंदाज कोण आणि कसा घेतो, हा सार्वजनिक प्रश्न होतो. टेक्सासमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांना तो आता परका राहिलेला नाही. आमच्या मुलांचे वर्गमित्र त्यातून जातात, क्वचित आमची मुलंही.

अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात. कॉलेज खेळांची मुख्य संस्था असलेल्या एनसीएएच्याच आकडेवारीनुसार त्यांतली शंभरातली सातेक कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या संघात पोचतात आणि सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये शंभरातली तीनसुद्धा नाहीत. त्या तिघांत बसून ज्याला पूर्ण शिष्यवृत्ती मिळते, त्याची फी, राहणं, जेवण, पुस्तकं यांचा भार विद्यापीठ उचलतं. २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ लागली. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जाणार असतं, तिथे एका प्रशिक्षकाच्या मतावर पुढच्या पिढीचं बरंचसं ठरतं.

हा अंदाज चुकणार, कितीही हुशार माणूस बसवला तरी चुकणार. सतराव्या वर्षी हाडं वाढत असतात, डोकं तयार होत असतं. त्यामुळे अंदाज किती अचूक आहे यापेक्षा, चुकला तर तो दुरुस्त करायची वाट उघडी आहे का, हा प्रश्न मला मोठा वाटतो. गेल्या सात-आठ वर्षांत अमेरिकेने अशा वाटा एकामागून एक अरुंद केल्या आहेत. मला हे चूक वाटतं आणि त्याचा दोष मुलांना जास्त पैसे मिळू लागले यावर टाकणं त्याहून चूक वाटतं.

आधी ताऱ्यांबद्दल. रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा कंपन्या देशभरातल्या मुलांना दोन ते पाच तारे देतात. २४७स्पोर्ट्स दरवर्षी साधारण ३२ मुलांना पाच तारे देते, कारण एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे पाच तारे हे ‘हा मुलगा पुढे व्यावसायिक संघात पहिल्या फेरीत जाईल’ असं भाकीत आहे. मुलगा कॉलेजात कसा खेळेल, त्याला तो अभ्यासक्रम झेपेल का, त्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो टिकेल का, यांतलं काहीच ती मोजपट्टी थेट मोजत नाही. आईबाप मात्र ती कॉलेजची गुणपत्रिका समजून वाचतात. आपली माणसं तर जरा जास्तच. दहावीचे टक्के आणि सीईटीची रँक पचवून आलेल्या पिढीला आकडा दिसला की त्यामागे परीक्षा झाली असणार, असं वाटतं.

तारे खोटे नाहीत, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. पाच ताऱ्यांच्या मुलांपैकी साधारण निम्मी पुढे ड्राफ्टमध्ये निवडली जातात. दोन ताऱ्यांच्या मुलांत हे प्रमाण अगदी किरकोळ आहे. जडेव्हियन क्लाउनी २०११ साली हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा देशात पहिला मानला गेला आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्येही पहिलाच गेला. ट्रेव्हर लॉरेन्सचं तेच, २०१८ आणि २०२१. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट यांनी जिंकलेल्या विजेतेपदांमागे चार-पाच ताऱ्यांच्या मुलांची फौज होती, हे कोणी नाकारू शकत नाही. गटाबद्दल तारे बरंचसं खरं बोलतात.

घोळ होतो तो गटाचं सत्य एका मुलाच्या कपाळावर चिकटवताना. पाच तारेवाले तीसेक, तीन आणि दोन तारेवाले हजारो, त्यामुळे एनएफएलच्या कुठल्याही संघात मोजायला बसलं तर कमी ताऱ्यांचे खेळाडूच जास्त भरतात. ॲरन डोनाल्डला तीन तारे होते, बचावफळीत आत खेळायला तो बुटका आहे असं ठरलं होतं. तीन वेळा तो एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. जे. जे. वॉटला दोन तारे. तोही तीन वेळा. एरिक फिशर हा दोन ताऱ्यांचा मुलगा सेंट्रल मिशिगन या दुय्यम विद्यापीठात गेला आणि २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्या देशात पहिला निवडला गेला.

या चुका वाऱ्यावर पडलेल्या नाहीत, त्या ठरावीक मुलांच्याच वाट्याला येतात. उशिरा उंची धरणारे, शाळेत एका जागी खेळून कॉलेजात दुसऱ्या जागी बसणारे, पुढच्या फळीत अंगाने भिडणारे लाइनमन, आडगावचे, आणि उन्हाळ्यात गावोगावच्या कॅम्पांना जायला ज्यांच्या बापाकडे पेट्रोलचे आणि हॉटेलचे पैसे नाहीत, असे. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या पश्चिमेला फायरबॉ नावाचं शेतीचं गाव आहे. जॉश ॲलन तिथल्या शेतकऱ्याचा मुलगा. उन्हाळ्यात क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) नामांकित कॅम्पांत फिरण्याऐवजी तो शेतावर राबायचा, हिवाळ्यात बास्केटबॉल खेळायचा. हायस्कूल संपताना त्याला डिव्हिजन वनच्या एकाही विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. घराजवळच्या फ्रेस्नो स्टेटलाही तो नको होता. तो रीडली या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथे वाढला, देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवत राहिला आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतलं. २०१८ साली तो ड्राफ्टमध्ये सातवा गेला, २०२४ च्या मोसमात एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शाळेतला सडपातळ पोरगा ड्राफ्टपर्यंत साडेसहा फुटांच्या जवळ आणि २३७ पाउंडांचा झाला होता. सतराव्या वर्षी त्याला नाकारणारे सगळे मूर्ख होते, असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्या दिवशीचं शरीर आणि त्या दिवशीचा खेळ बघून मत दिलं. त्या मुलाला पुन्हा दाखवायला जागा मिळाली, म्हणून आज त्याचं नाव आपल्याला माहीत आहे.

मग बघायचं काय? आकडे बघायचेच, पण ते कसे काढले हे विचारून. चाळीस यार्डांची धाव हातातल्या स्टॉपवॉचवर ४.५ सेकंद भरते, तीच इलेक्ट्रॉनिक घड्याळावर ४.७ च्या आसपास जाते, आणि या दोन आकड्यांत एका मुलाचं करिअर मावतं. म्हणून जाणते प्रशिक्षक त्याच मुलाची शाळेच्या ॲथलेटिक्समधली शंभर मीटरची वेळ मागतात, कारण ती बहुधा यंत्राने घेतलेली असते. जन्मतारीख मागतात, कारण मुद्दाम एक वर्ष मागे ठेवलेला एकोणीस वर्षांचा मुलगा सतरा वर्षांच्यांत दांडगा दिसणारच. मनगट, पंजा, हातांची लांबी बघतात, आईवडिलांची उंची विचारतात. बास्केटबॉल किंवा कुस्ती खेळतो का, हे विचारतात. आणि शाळेची गुणपत्रिका मागतात, कारण डिव्हिजन वनसाठी १६ मुख्य विषय आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी लागते. त्यातले १० विषय शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत झालेले लागतात, म्हणजे तेव्हा जाग आलेल्या मुलाला बरेचदा उशीर झालेला असतो.

खरं बघणं मात्र सामन्यातच होतं. हल्ली प्रत्येक मुलगा हुडल या संकेतस्थळावर आपल्या उत्तम खेळांची चार मिनिटांची चित्रफीत ठेवतो. त्यात कोणीच पडत नाही, कोणीच हरत नाही. गेल्या मोसमात आमच्या भागातल्या एका सामन्यात मी सगळा वेळ एका लेफ्ट टॅकलकडे बघत होतो. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला थोपवणारा हा खेळाडू. चेंडूला त्याचा हात लागत नाही, त्यामुळे प्रेक्षकांची नजरही त्याच्यावर नसते. अंगाने तसा हडकुळा, लाइनमनच्या मानाने. चेंडू सुटला की तो मागे सरकायचा, बाहेरचा पाय आधी, आतला मागून, दोन्ही पायांतलं अंतर जवळपास तेवढंच राहायचं, आणि वाकायचा तो कमरेतून नाही, गुडघ्यांतून. समोरच्याने पहिल्या सत्रात त्याला दोनदा चकवलं. हा मुलगा हात घाईने पुढे टाकायचा, समोरचा त्या हातावरून आपला हात मारून आत शिरायचा. दोन्ही वेळा क्वार्टरबॅक आडवा. तिसऱ्या वेळी या पोराने हात छातीशी धरून ठेवले, अर्धा क्षण थांबला, समोरच्याचा हात उगारलेला दिसला तेव्हा त्याच्या काखेखाली दोन्ही पंजे लावले आणि त्याला जागीच उभा केला. बाकावर परत जाताना त्याने प्रशिक्षकाला हाताने काहीतरी करून दाखवलं, तेच.

चित्रफितीत यातला तिसरा प्रसंग येईल, पहिले दोन कापले जातील. पण पहिले दोन नसतील तर तिसऱ्याला काही अर्थच उरत नाही. एका रात्रीत, हजारो लोकांसमोर दोनदा फजिती झाल्यावर, मुलगा शिकला. कॉलेजात त्याला रोज हेच करायचं आहे. वजन कॉलेजच्या जिममध्ये आणि भोजनगृहात वाढतं, तीन वर्षांत पन्नास-साठ पाउंड चढलेले लाइनमन दरवर्षी दिसतात. पाय आणि ही शिकण्याची ताकद मात्र घरून आणावी लागते. हे बघायला कोणीतरी गाडी चालवत येऊन पूर्ण सामना बसून बघायला हवा, शक्य तर दोन सामने, त्यातला एक हरलेला. छोट्या गावांत टेक्सासमध्ये सहा-सहांचं फुटबॉल खेळतात, तिथल्या मुलाला अकरांच्या खेळात बसवून बघण्याची कल्पनाशक्तीही हवी.

नेमकं हेच बघणं आटत चाललं आहे. पूर्वी मुलांच्या विद्यापीठाशी करार करायच्या सह्या फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी व्हायच्या. २०१७ पासून डिसेंबरची लवकर सही आली आणि बहुतेक जागा तेव्हाच भरू लागल्या. शाळेचा मोसम ऑगस्टअखेर सुरू होऊन बाद फेऱ्यांसह डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे शेवटच्या वर्षी जो मुलगा दोन इंच उंच होऊन परत आला, त्याचा खेळ नीट बघून व्हायच्या आत दुकान बंद. दहावीत, कधी आठवीतसुद्धा ‘ऑफर’ दिल्या जातात, पंचवीस जागांसाठी शेकडो. आणि ही ऑफर तोंडी असते, ती कोणालाही बांधत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला एका विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षकाने अकरावीत फोनवर ऑफर दिली. मुलाने होकार दिला, बाकीच्यांना नाही म्हणून कळवलं, शाळेत टोपी घालून फोटो झाले. सहीच्या आठवड्यात फोन आला की त्या जागेवर आम्ही दुसऱ्या विद्यापीठातून एक तयार खेळाडू घेतोय, तू आधी कम्युनिटी कॉलेजात जा, मग बघू. तोवर ज्यांना नकार दिला होता त्यांच्याही जागा भरल्या होत्या. वडील मला शांतपणे म्हणाले, “कंत्राट असतं तर वकील तरी गाठला असता.”

हे ‘तयार खेळाडू’ येतात ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पोर्टल सुरू झालं, २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा बदलू शकतो. त्यात कोविडमुळे २०२० चा मोसम कोणाच्याच खेळायच्या चार मोसमांच्या हिशेबात धरला नाही, त्यामुळे तेवीस-चोवीस वर्षांचे पुरुष आणखी वर्षभर जागा धरून राहिले. इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी उघड सांगतात की मी क्षमतेपेक्षा करून दाखवलेल्या कामाला महत्त्व देतो. २०२४ मध्ये आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत आणून त्यांनी पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले. त्यांच्या बाजूने हे बिनचूक आहे. बावीस वर्षांच्या माणसाचं कॉलेजातलं खेळणं समोर असताना सतरा वर्षांच्या मुलाचा अंदाज बांधायची जोखीम कोण घेईल?

आणि आता जागांची मर्यादा. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या असायच्या, पण त्याशिवाय ‘वॉक-ऑन’ म्हणून स्वखर्चाने येणारी मुलं संघात असायची, काही ठिकाणी संघ सव्वाशेच्या पुढे जायचा. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांना पहिल्या वर्षी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देता येतात, पण फुटबॉलच्या संघात १०५ च्या वर माणूस नको. आधीपासून असलेल्यांसाठी आणि त्या वर्षी जागा कबूल झालेल्यांसाठी सवलत ठेवली, त्यानंतरच्या मुलांसाठी नाही. वर सांगितलेला जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून आला होता, मधल्या काळात त्याने पिझ्झा पोचवण्याचं काम केलं. बेकर मेफिल्ड दोन विद्यापीठांत वॉक-ऑन होता, २०१७ साली त्याने कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी जिंकली. ज्या दाराने हे दोघे आत आले, त्या दारावर आता १०५ ची पाटी लागली आहे.

मुलांना विद्यापीठ बदलता यायला हवं, यावर माझा वाद नाही. प्रशिक्षक रात्रीत नोकरी बदलत असताना मुलाला वर्षभर बाहेर बसवणं अन्यायाचं होतं. पैसे मिळायला हवेत, यावरही नाही. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला, तो मला योग्य वाटतो. पोर्टल ही दुरुस्तीची वाटच आहे. फक्त ती आधीच आत असलेल्यांसाठी आहे. बाहेर उभ्या सतरा वर्षांच्या मुलासाठी तीच भिंत झाली.

प्रशिक्षक म्हणतात, वाट बघायला आम्हाला वेळ कुठे, तीन वर्षांत हाकलतात. खरं आहे. पण ही घाई कोणी लादली? नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम या सरकारी विद्यापीठाने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्यांना देणं लागत होतं. माणूस घरी पाठवायला एवढे पैसे उभे करू शकणाऱ्या व्यवस्थेला शुक्रवारी रात्री पंचवीस गावांत पंचवीस जाणती माणसं पाठवणं परवडत नाही, हे मला पटणार नाही. विद्यापीठांना गुंतवणुकीवर परतावा हवा असेल तरीही हिशेब जुळतो. चार वर्षं घडवलेला लाइनमन हा दरवर्षी बाजारात जाऊन विकत घेतलेल्यापेक्षा स्वस्त पडायला हवा, त्याला टिकवून ठेवायची तयारी मात्र हवी. नवीन मुलाला चार सामने खेळवूनही त्याचं एक वर्ष शिल्लक ठेवता येतं, असा नियम २०१८ पासून आहे. तो घडवण्यासाठीच केला होता.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सरकारी विद्यापीठांनी १०५ पैकी ठरावीक जागा हायस्कूलमधून थेट येणाऱ्या मुलांसाठी राखाव्यात आणि वॉक-ऑनना त्या मर्यादेबाहेर मोजावं. ऑफर लेखी असावी, तिच्यावर मुदत असावी आणि त्या मुदतीत मुलाने होकार दिला तर ती विद्यापीठाला बांधावी. सहीआधी दुखापत झाली तरी. सहीची मुख्य तारीख मोसम संपल्यावर, पुन्हा फेब्रुवारीत न्यावी. आणि प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावं की चार वर्षांपूर्वी घेतलेल्या मुलांपैकी आज किती इथे आहेत, किती पदवीधर झाले, किती निघून गेले. ताऱ्यांनी मुलाचं मोजमाप होतं, मग या आकड्यांनी विद्यापीठाचंही होऊ द्या.

तोवर घरच्यांनी प्रशिक्षक घरी आला की हे प्रश्न विचारायला लाजू नये. माझ्या मुलाचे किती पूर्ण सामने तुम्ही बघितलेत, आणि त्यातला कुठला हरलेला होता? त्याच्या जागेवर सध्या किती जण आहेत, त्यातले किती पोर्टलमधून आलेत? गेल्या तीन वर्षांत तुम्ही ज्यांना पहिलं वर्ष बसवून ठेवलं, ते आज कुठे आहेत? तुमचा स्वतःचा करार कधी संपतो? ज्याला उत्तरं पाठ नाहीत पण तो वही काढून बघून सांगतो, त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवावं.